निशाणी : शिट्टी

मी मागितली होती कपबशी,
ती नाही तर शिलाई मशीन.
दोन्ही गेल्या. साहेबांनी उरलेल्या यादीवर बोट फिरवलं,
माझ्याकडं बघितलं आणि गालात हसले.
तेही मॅचला येत असणार.
शिट्टी.

बावीस वर्षं गळ्यात होती ती, काळ्या दोरीत.
शाहू स्टेडियमवर तिच्या एकेका फुंकरीला
दोन्ही बाजूंनी माझ्या आईचा उद्धार झाला.
आई गंगावेशीत मेथी-कोथिंबीर विकायची.
संध्याकाळी तराजू पुसत विचारायची,
“आज कुणाचं वाकडं केलंस रं?”

पत्रकात मी लिहिलं होतं :
गटार.
पहाटे कधीही येणारं, न सांगता जाणारं पाणी.
दवाखान्यामागचा बंद दिवा.
कुत्री.

पहिलंच दार हिंदुराव आप्पांचं.
त्यांनी पत्रक घेतलं, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवलं.
“ते ऱ्हाऊ दे. सत्त्याण्णवची फायनल.
दुसरा रेफ्री तापानं पडला म्हणून तुला उभा केला,
आणि तू आपल्याच तालमीवर पेनल्टी दिलीस?”
“हाताला लागला होता बॉल, आप्पा.”
“खांद्याला.”
“हाताला.”
“खांद्यालाच,” आतनं त्यांची सून म्हणाली,
जी लग्न होऊन दोन हजार चारला गल्लीत आली.

असं दारोदार.
गटाराचा विषय कुणी काढला नाही.
गटारही कुणी काढलं नव्हतं.

समोरच्यानं तालमीला नवं किट दिलं, बुटांसकट.
रोज रात्री मांडवात तांबडा-पांढरा.
पोरं जरा ओशाळून म्हणाली,
“काका, माणूस तुम्हीच. पण सीझन डिसेंबरात सुरू होतोय.”
मी फंडातनं एकतीस हजार काढले :
दोन दिवस रिक्षा, भोंगा,
आणि बारक्या पोरांना वाटायला
पाचशे प्लॅस्टिकच्या शिट्ट्या.
ती चूक झाली.
दुपारभर गल्ली वाजत राहिली.
एका बाळंतिणीची आई दारात येऊन हात जोडून गेली,
“मत देतो, पण ह्या तेवढ्या माघारी न्या.”

मतदानाच्या आदल्या रात्री, भोंगे थांबल्यावर,
मानसिंग हारुगले आला. तेव्हाचा फुलबॅक.
आता टू-व्हीलरचं गॅरेज, नखांत ग्रीस.
चहा बशीत ओतला, प्याला नाही.
“सर,” म्हणाला, “हाताला लागलेला.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

“सकाळी तालमीत सांगू काय? मतं वाढतील तुमची.”
मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं.
कोपराच्या वर चार बोटं.
ती जागा मला अजून पाठ आहे.
म्हटलं, “नको. तुला ह्याच गल्लीत गाड्या दुरुस्त करायच्यात.
चहा पी.”

एकशे सत्त्याऐंशी.
त्यात घरची पाच. सहावं कुठं गेलं,
मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
जेसीबीच्या बकेटातनं गुलाल पडला,
वाऱ्यानं माझ्याही उंबऱ्यावर आला.
आप्पा त्या गुलालातनंच चालत आले, भुवया गुलाबी.
“मत तुलाच दिलंय,” म्हणाले.
“पण बॉल खांद्याला लागला होता.”

मानसिंगचं वाक्य माझ्या दातांत होतं,
शिट्टी धरावी तसं.
मी फुंकलं नाही.

पहाटे चारला नळ खरखरला.
कुणाच्यातरी पोरानं अंथरुणातनंच शिट्टी मारली.
मग पलीकडच्या बोळात दुसरी. मग वरच्या अंगाला तिसरी.
दिवे लागले, कड्या निघाल्या,
कळश्या एकमेकींवर आपटत बाहेर आल्या.
बायको म्हणाली, “उठा,
बॅरल लावा आधी. जाईल ते.”